मापाची टोपी

ज्या घरात विणणारी बाई आहे, त्या घरात खुर्चीवर टेकण्याआधी हात फिरवून बघावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. लोकरकाकूंच्या यजमानांना हा धडा एका लांब पोलादी सुईने शिकवला होता. तेव्हापासून ते स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखे विचारून बसत. कोचावर लोकर, खिडकीत लोकर, फ्रिजवर लोकरीच्या लड्यांची टोपली. एकदा तर तांदळाच्या डब्यात आकाशी रंगाचा गुंडा निघाला होता. काकूंनी तो हसत हसत काढून घेतला आणि म्हणाल्या, "हा इथे होय! आणि मी चार दिवस शोधतेय."

काका जन्मभर घड्याळजी. भर बाजारातलं दुकान बंद केलं, पण कामाचं टेबल मात्र उचलून घरी आणलं आणि खिडकीशी मांडलं. डोळ्याला भिंग लावून ते अजून गल्लीतली घड्याळं दुरुस्त करत. एका सकाळी त्यांनी चिमट्यात धरून गुलाबी धाग्याचा एक तुकडा वर केला.

"अगं, बघ. गिऱ्हाईक म्हणत होतं, घड्याळ मागे पडतं. उघडून बघतो तर आत तुझी लोकर! काळालासुद्धा स्वेटर घातलास तू."

"घालीन. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला," काकू मान वर न करता म्हणाल्या. त्यांच्या सुया चालूच होत्या.

असं हे घर. तिसरं माणूस म्हणजे सून. मुलगा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी, त्यामुळे घरात राज्य सासू-सुनेचं. आणि खरं सांगायचं तर दोघींचं गूळपीठ होतं. सून मोठ्या दवाखान्यात नर्स होती. दिवस भरण्याआधी जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढी बाळं जिथे काचेच्या पेटीत ठेवतात, त्या विभागात. काकू टोप्या विणत त्या याच बाळांसाठी. दर महिन्याला चार-पाच टोप्या कागदात गुंडाळून सुनेच्या पिशवीत घालत आणि ती परत आली की दारातच विचारत, "काय गं, आवडल्या का?"

"खूप आवडल्या, आई," सून चपला काढता काढता म्हणे. "सगळे विचारतात, कोणाच्या हातच्या."

आणि आवडू नयेत अशा त्या नव्हत्याच! माशाच्या काट्याची वीण, कानावर फुलं, शेंड्यावर लिंबाएवढा पांढरा गोंडा, आणि काहींना जाळीची किनार. प्रत्येक टाक्याला काकू मनात देवाचं नाव घेत. टाका निसटला तर नावही निसटलं असं मानून ती सगळी ओळ उसवत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शंभर टोप्या करायचा त्यांचा संकल्प होता. हा संकल्प कशासाठी, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. काकांना माहीत होतं, पण काकांनी विचारलं नव्हतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली की काही गोष्टी न विचारण्यातच माया असते.

माप मात्र सगळ्या टोप्यांचं एकच. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात एक पिवळी टोपी होती. नवी टोपी पुरी झाली की काकू ती पिवळीवर ठेवून बघत. काठाला काठ जुळला की त्यांचा जीव शांत होई. त्या पिवळ्या टोपीला दुसरं कोणी हात लावत नसे. वर्षातून एकदा काकू ती स्वतः धुवत, सावलीत वाळवत आणि परत डब्यात ठेवत.

काकूंच्या नादाने गल्लीतल्या बायकांचं विणकाम मंडळ उभं राहिलं होतं. दर बुधवारी दुपारी बारा-तेरा जणी काकूंच्या हॉलमध्ये जमत. निवृत्त मुख्याध्यापिका मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना सगळे हेडबाई म्हणत, कारण त्या अजूनही बोलायच्या आधी टाळी वाजवत. येत्या रविवारी काकूंची शंभरावी टोपी व्हायची होती. तिचा मोठा समारंभ हेडबाईंनी ठरवला होता: दवाखान्याच्या तळमजल्यावरचा हॉल, फोटोवाला, पाहुणे, आणि 'शंभर टोप्या सप्रेम अर्पण' असा रंगवलेला बोर्ड. पासष्टाव्या टोपीनंतरच्या सगळ्या टोप्या या दिवसासाठी काकूंनी घरीच राखून ठेवल्या होत्या.

"फोटोत टोपी झकास दिसेल," काका भिंगातून बघत म्हणाले. "डोकं कुठे दिसणार आहे?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय."

"खोट काढण्यावरच तर आपलं घर चाललं, बाई!"

आता ऐका पुढे काय झालं ते. गुरुवारी सकाळी सून जवळचा चष्मा घरीच विसरली. दहा मिनिटांत फोन. "आई, चष्म्याशिवाय मला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत हो. कोणी आणून देईल का?" काका टेबलाशी बसलेले, समोर एका घड्याळाची सगळी चाकं सुटी मांडलेली. ते उठले असते तर पंख्याच्या वाऱ्यानेच अर्धं घड्याळ उडालं असतं. काकूंनी चष्मा रुमालात गुंडाळला. "मी जाते," म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

अडतीस वर्षांत अशा विभागाची पायरी त्या चढल्या नव्हत्या. रविवारचा समारंभसुद्धा तळमजल्यावर आहे, वर जायचं नाही, याची त्यांनी आधीच खात्री करून घेतली होती. जिना चढताना कठडा घट्ट धरला आणि प्रत्येक पायरीला एकेक नाव घेत त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या.

दारात एक म्हातारी आया भेटली. कोपरापर्यंत धुऊन लाल झालेले हात, आणि चेहरा असा की बघताच वाटावं, हिच्यापाशी रडायला हरकत नाही. काकूंनी सुनेचं नाव सांगून चौकशी केली.

"सिस्टर आत आहेत. बाळाला नळीने दूध चाललंय, पाच मिनिटं लागतील. दम लागलाय तुम्हाला, ताई. या, इथे बसा. चहा घेता का घोटभर?"

तिने काकूंना आयांच्या खोलीत बसवलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरची चहाची किटली उचलली. किटलीच्या डोक्यावर टोपी होती.

जांभळी. माशाच्या काट्याची वीण, कानावर फुलं, शेंड्याला पांढरा गोंडा. किटलीची तोटी एका कानाच्या खालून बाहेर आली होती. काकूंनी ती लगेच ओळखली. आई आपलं लेकरू गर्दीत ओळखते तशी ओळखली. ही एक्केचाळिसावी. हिची किनार तीनदा उसवली होती.

"छान आहे ना?" आया कौतुकाने म्हणाली. "फार कामाची! चहा तासभर गरम राहतो बघा."

"ही... ही टोपी बाळांसाठी असेल ना, मावशी?"

"असेल म्हणजे? आहेच! अशी पासष्टेक पडलीत कपाटात. कोणीतरी फार हौशी बाई आहे. काय हात आहे तिचा! देवाने दिलेला हात. पण..." आयाने कपात चहा ओतला.

"पण काय?"

"पण बाळं बघितलेली नाहीत हो तिने."

काकूंच्या हातातला कप बशीवर वाजला. आयाचं लक्ष नव्हतं, ती आपल्याच तंद्रीत सांगत होती.

"ही बाळं मोसंब्याएवढ्या डोक्याची. टोपी घातली की हनुवटीपर्यंत उतरते, नाक झाकतं. इथलं कापड रोज उकळत्या पाण्यात जातं. लोकर उकळली की आटून अशी कडक होते, की भांडी घासावीत. त्या जाळीत बोट अडकतं. बोट म्हणजे केवढं? काडेपेटीतल्या काडीएवढं! एकदा अडकलं होतं, तेव्हा सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्हीच करतो काहीतरी. जुन्या मऊ गंजीफ्रॉकची बाही कापायची, एका टोकाला गाठ मारायची, झाली टोपी."

"मग त्या बाईला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? दान देणाऱ्याचा हात कोण धरणार, ताई? माझी आई सांगायची. एका घराच्या दारात तहानलेला आला. घरधनीण प्रेमळ. धावत आत गेली आणि स्वतःच्या हाताने भरतकाम केलेली रेशमी उशी घेऊन आली. आता उशी वाईट होती का? मुळीच नाही. तिच्या मनात खोट होती का? तीही नाही. तो बिचारा उशी काखेत मारून, दोन्ही हात जोडून निघून गेला. घसा कोरडाच! आणि घरधनीण आयुष्यभर शेजारणींना सांगत राहिली, मी उशी दिली, मी उशी दिली."

काकूंनी कप खाली ठेवला. आया त्यांना काचेशी घेऊन गेली. आत एका पेटीत एक मुलगी होती. तिच्या डोक्यावर पांढरी बाही, वर गाठ. छाती पाखरासारखी वरखाली होत होती. पेटीशेजारी एक तरुण आई काचेवर तळहात ठेवून बसली होती.

"ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशीच बसते. तिच्या अंगाशी दोन तास रुमाल ठेवायला सांगतो आणि मग तो लेकीच्या गालाशी ठेवतो. आईचा वास आला की बाळ शांत झोपतं. पण तो रुमालही खरखरीत. वीतभर मऊ सुती चौकोन कोणी विणून दिले तर सोन्याहून पिवळं होईल. पण देईल कोण? चौकोनात कसली आली कला!"

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि सून बाहेर आली. तिने सासूला पाहिलं, मग आयांच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणारी किटली पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

काकूंनी रुमाल सोडून चष्मा तिच्या हातात ठेवला. "चहा चांगला गरम होता," एवढंच म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

त्या दिवशी घरात सुया वाजल्या नाहीत. काकांनी दोनदा विचारलं, "अगं, बरं वाटत नाही का?" त्यांनी खुर्चीवर हात न फिरवता बसून पाहिलं. काही टोचलं नाही. तेव्हा मात्र ते खरंच घाबरले.

दिवेलागणीला सून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच काकू कडाडल्या.

"दोन वर्षं! दोन वर्षं मला फसवलंस! दारात उभी राहून 'खूप आवडल्या, आई'! सगळा दवाखाना हसत असेल मला. किटलीवर माझी टोपी!"

"कोणी हसत नाही, आई. तुमचं नाव कोणाला मी सांगितलंच नाही."

"का? लाज वाटत होती?"

सून जमिनीवर बसली, सासूच्या पायाशी. "पहिल्याच महिन्यात मी म्हटलं होतं, जरा लहान हव्या होत्या. आठवतं? तुम्ही म्हणालात, 'माझ्या हाताला चाळीस वर्षांत कोणी माप शिकवलं नाही.' आणि दोन दिवस जेवला नाहीत. मला वाटलं, तुम्ही सुया ठेवून दिल्यात तर? तुमच्या सुया थांबल्या की घर कसं होतं... आजच बघा ना कसं झालंय."

"म्हणजे चूक माझीच!"

"दोघींची," काका म्हणाले. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून खिशात ठेवलं होतं. भिंग काढून ते बोलायला लागले की घरात सगळे ऐकत. "पोरीचीही चूक आहे. दुखेल म्हणून काटा काढलाच नाही, तर पाय पिकतो. मायेपोटी खोटं बोललीस, पोरी, पण तिकडे बाळांना गंजीफ्रॉकच्या बाह्या घालाव्या लागल्या ना? तुझं खोटं त्यांच्या डोक्यावर बसलं." सुनेने मान खाली घातली. "आणि आता तू, ऐक. मी कधी भिंतीवरचं घड्याळ गिऱ्हाइकाच्या मनगटाला बांधलं का?"

"उगाच काहीतरी!"

"मग तो डबा आण."

काकू हलल्या नाहीत. काकाच उठले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो बिस्किटांचा डबा उघडला आणि पिवळी टोपी दोन्ही तळव्यांवर घेतली.

"पोरी, ही तुझ्या नणंदेची. म्हणजे असती, तर तुझी नणंद. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. चार दिवस होती." त्यांनी टोपीचा काठ बोटाने सरळ केला. "सहाव्या महिन्यातच हिने टोपी विणून ठेवली. पुऱ्या दिवसांच्या बाळाचं माप धरून. ती आली सातव्यातच. टोपी घातली तर गळ्यापर्यंत उतरली. नर्सने काढून आमच्या हातात दिली. टोपी घरी आली. ती नाही आली."

सुनेने सासूचा पाय धरला.

"म्हणून मी आजवर बोललो नाही," काका काकूंकडे वळले. "पण तू तेच माप धरून बसलीस. शंभर टोप्या विणायला घेतल्यास, आणि शंभरच्या शंभर अशा डोक्यासाठी, जे तेवढं मोठं व्हायला हवं होतं."

काकू टोपीकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई! म्हणजे मी त्या बाळांसाठी विणतच नव्हते!"

काकूंनी टोपी काकांच्या हातातून घेतली.

"टाक्याटाक्याला नाव घेतलं देवाचं, आणि ज्या लेकरांत तो श्वास घेतोय त्यांच्याकडे मान वळवून बघितलं नाही. भीती वाटायची मला. काचेपलीकडे बघायची भीती. म्हणून न बघताच देत राहिले." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मला यापुढे खोटं बोललीस ना, तर तुला गोंड्याचा स्वेटर घालून कामाला पाठवीन."

सून रडता रडता हसली. काकांनी नाक शिंकरलं आणि दोष धुळीवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली. किटलीपासून बाहीच्या टोपीपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. ऐकून हेडबाईंनी टाळी वाजवली. ती कौतुकाची नव्हती, शांततेची होती.

"भावना ठीक आहेत. पण पाहुणे बोलावलेत, फोटोवाल्याला सांगितलंय, बोर्ड रंगवून झालाय! आता दोन दिवसांवर आलेला समारंभ रद्द करायचा? माणसं काय म्हणतील?"

"समारंभ रद्द नाही करायचा," काकू म्हणाल्या. "फक्त बोर्ड बदलायचा. 'सप्रेम अर्पण' पुसा आणि लिहा, 'विचारायला आलो आहोत.'"

"काय विचारायला?"

"तुम्हाला काय हवंय, हे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. एक जण म्हणाली, "इतकी वर्षं विणतोय, आणि आता चौकोन विणायचे? चौकोन तर माझी दहा वर्षांची नात विणते!"

"मग नातीलाही आण," काकू म्हणाल्या. "अहो, आपण बायका घरात पाहुणा आला तर आधी विचारतो, पाणी हवं की चहा. बाळांना विचारायचं मात्र आपल्याला कोणालाच सुचलं नाही! का? कारण आपल्याला बाळ दिसत नव्हतं, आपली वीण दिसत होती. मला तर सगळ्यांत जास्त."

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. शाळेत चुकलेल्या मुलाने स्वतःहून हात वर केला की त्या असंच करत. "बोर्ड मी रंगवते," त्या म्हणाल्या. "माझं अक्षर चांगलं आहे."

रविवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मधल्या खुर्चीवर म्हातारी आया बसली. तिला आधी वाटलं, आपली काही तक्रार झाली. ही टोप्यांवाली बाई तीच, हे कळल्यावर तिने जीभ चावली आणि कान धरले. "ताई, मला माहीत असतं तर मी..."

"तर तुम्हीही खोटं बोलला असता," काकू म्हणाल्या. "बरं झालं माहीत नव्हतं. बोला, मावशी. आम्ही लिहून घेतो."

आणि ती बोलली. सुती दोरा हवा, उकळून टिकणारा. जाळी नको, बटण नको, गोंडा तर मुळीच नको. टोपी साधी, ताणली जाणारी. आईच्या वासाचे चौकोन जोडीने हवेत, एक बाळापाशी, एक आईपाशी, म्हणजे रोज बदलता येतात. हेडबाई शाळकरी मुलीसारख्या भरभर लिहीत होत्या. मग काचेशी बसणाऱ्या त्या तरुण आईला विचारलं. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या लेकीचं काहीतरी शोभून दिसावं, असं वाटतं. बाही बरी आहे. पण बाही आहे ना ती." तेव्हा टोपीच्या काठाला एकच रंगीत ओळ घालायचं ठरलं. फोटोवाल्याने फोटो काढला, त्यात सगळ्यांच्या माना वहीत वाकलेल्या आहेत. तो फोटो हेडबाईंच्या मते मंडळाचा सर्वांत वाईट आणि काकूंच्या मते सर्वांत चांगला फोटो आहे.

काकांनीही कामात हात घातला. सुनेने वेगवेगळ्या बाळांच्या डोक्याची मापं लिहून आणली आणि त्यांनी तारेच्या तीन कड्या केल्या, लहान, मधली, मोठी, केसाचाही फरक नाही. विणलेली टोपी कडीवर बसली तरच पास! बुधवारी मंडळ भरलं की काका भिंग लावून एकेक टोपी तपासत. "ही सैल आहे, वहिनी. उसवा." "अहो, एवढीशी तर सैल!" "एवढ्याशा डोक्याला एवढीशी म्हणजे फार झाली." काकू दुरून हसत. त्यांची पहिली छोटी टोपी त्यांच्या मुठीवर बसेना, तेव्हा त्यांना वाटलं, चुकली. कडीवर ठेवली. बरोबर होती. मग त्या बराच वेळ ती टोपी अंगठ्यावर धरून बसल्या.

आता आठवड्यातून दोनदा त्या स्वतः जिना चढत. काचेशी उभ्या राहत. त्या मुलीच्या डोक्यावर आता निळ्या काठाची टोपी होती आणि गालाशी चौकोन. एक दिवस तिच्या मुठीत चौकोनाचा कोपरा होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. "बघा, ताई," आया म्हणाली, "कला आवडली तिला!"

सात आठवडे गेले. मुलगी वाढली, पेटीतून बाहेर आली, आईच्या मांडीवर आली, आणि एका सकाळी घरी जायला निघाली. तिची आई दारात थबकली.

"मावशी, बाहेर वारा आहे. ही छोटी टोपी आता बसत नाही. घरी जाताना घालायला काही मोठं आहे का हो?"

आयाने कपाळावर हात मारला. "अहो, आहे की! कपाट भरून आहे!"

ते खरंच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जी टोपी पेटीतल्या बाळाला हनुवटीपर्यंत उतरत होती, ती घरी निघालेल्या बाळाला बरोबर बसणार होती! घरी काही ती रोज उकळायची नव्हती. जाळीच्या टोप्या बाजूला काढल्या, बाकीच्यांचे गोंडे काकूंनी स्वतः कात्रीने कापले. गोंडे काकांना मिळाले, घड्याळाची काच पुसायला. जांभळी तेवढी किटलीवरच राहिली. आया म्हणाली, तिची सेवा मोडू नका.

पण हे सगळं नंतर. त्या सकाळी आया कपाटाकडे वळली, तर काकू म्हणाल्या, "थांबा."

त्यांच्या पिशवीत बिस्किटांचा डबा होता. आठवडाभर तो त्या बरोबर घेऊन फिरत होत्या, कशासाठी ते स्वतःला न विचारता. त्यांनी झाकण काढलं. पिवळी टोपी साधी होती. ना जाळी, ना गोंडा. पहिलीच टोपी होती ती, तेव्हा त्यांना एवढंच येत होतं.

"जुनी आहे," काकू त्या आईला म्हणाल्या. "पण कोणी घातलेली नाही. दर वर्षी धुतलीय. मऊ आहे. चालेल का? तुला आवडली तरच हं. नाही म्हणालीस तरी मला राग यायचा नाही."

आईने टोपी गालाला लावून पाहिली. "चालेल," म्हणाली. "तुम्हीच घाला."

काकूंनी घातली. काठ भुवयांच्या वर एक बोट राहिला. कान झाकले गेले. टोपी खाली उतरली नाही. मुलीने डोळे उघडले, पिवळ्या काठाखालून एकदा जगाकडे पाहिलं आणि जांभई दिली.

सुनेने सासूचा हात धरला. काकूंच्या ओठांवर नाव होतं, पण या वेळी ते टाके मोजायला नव्हतं.

वाचकहो, आपणही देतो. कपाट आवरताना उरलेलं देतो, हौसेने केलेलं देतो, नाव लागावं म्हणून देतो. द्यावंच! देणारा हात देवाला आवडतो, यात शंका नाही. पण देण्याआधी एकदा जिना चढावा. ज्याला द्यायचं त्याच्या डोळ्यांत बघावं आणि साध्या शब्दांत विचारावं, "बाबा रे, तुला काय हवंय?" त्याचं उत्तर आपल्या कलेपेक्षा लहान असेल, वीतभर चौकोनाएवढं असेल, तरी तेच विणावं. आणि जो देणाऱ्याला खरं सांगेल, त्याच्यावर रुसू नये. तो दानाला डोळे देतो. माप आपल्या मनातल्या डोक्याचं नको, समोरच्या डोक्याचं हवं. आणि आपल्या मनातलं जुनं माप? तेही वाया जात नाही, मंडळी. ते जपून ठेवावं. एक दिवस कोणीतरी तेवढं मोठं होऊन घरी जायला निघतं.